अंगणातली दुपार

फाटकाची कडी काढता काढता तिचा हात तसाच राहिला, कारण तिला वाटलं, आपण गल्ली चुकलो. फाटक आपलंच होतं. कडी नेहमीसारखी अर्ध्यात अडकली होती, डाव्या खांबाचा पोपडा तिनंच नखानं उकरलेला, तोही तसाच होता. पण आतलं अंगण दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. पायरीपासून कुंपणापर्यंत जमीन दिसतच नव्हती. जमिनीच्या जागी राणी रंग होता, केशरी होता, लिंबाच्या सालीचा पिवळा होता, मध्येच पांढरा, मध्येच एक असा लाल की ज्याच्या जोडीचा दोरा तिच्याकडच्या रिळांत सापडला नसता. आणि हे सगळं वीतभर उंचीच्या आत, जमिनीला पोट टेकून, डोक्यावरच्या उन्हाकडे तोंड वर करून बसलेलं. मधमाश्यांचा एकसारखा आवाज येत होता. तिनं मागे वळून गल्ली पाहिली. गल्ली आपलीच. कुंपणाच्या सावलीत घमेलं उपडं घालून गवंडी बसला होता, तो तिला पाहून उठला, कुदळ हातात घेतली आणि जरा नाराजीनंच म्हणाला, "हेच ना घर? तुम्ही म्हणाला होतात, अंगणात नुसता वाळका कचरा आहे. मला वाटलं, पत्ता चुकला. म्हणून हात नाही लावला."

कचरा हा शब्द तिचाच होता. परवा गवंड्याशी बोलताना तिनं तो चांगला ठासून वापरला होता, वर हातानं उडवूनही दाखवला होता. आता तिच्या तोंडून एवढंच निघालं, की थांबा जरा, पाणी पिते. पाणी प्यायला आत जायला हवं होतं आणि आत जायला अंगणातून जायला हवं होतं, आणि मधली विटांची पायवाट दोन्ही बाजूंनी फुलांनी इतकी दाबली होती की पाऊल कुठं टाकावं ते कळेना. ती फाटकातच उभी राहिली. पन्नाशी उलटलेली बाई, खांद्याला डब्याची पिशवी, अंगावर सकाळपासूनचे दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, आणि स्वतःच्या घरात शिरायला लाजतेय. हसू आलं तिला. बऱ्याच दिवसांनी एकटीला, काही कारण नसताना, असं खुदकन हसू आलं, आणि गवंड्यानं तिच्याकडे संशयानं पाहिलं.

कारण नव्हतं असं नाही म्हणा. ही रोपं अंगणात चार-पाच महिने होती आणि तिनं त्यांचं एकही फूल पाहिलेलं नव्हतं. तिनंच काय, ज्यानं ती लावली त्यानंही नाही. घरात माणसं दोन, आणि दोघांचे दिवस उलटेसुलटे. ती कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात कपडे बेतात आणायचं काम करायची. वर लोकांनी हौसेनं घेतलेल्या पँटी खाली तिच्याकडे यायच्या, आणि ती त्यांच्या हौसेतून चार बोटं कापून बाकीचं शिवून वर पाठवायची. तळघराला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय, ते गिऱ्हाइकाच्या कपाळावरच्या घामावरून ओळखायचं. सकाळी ती निघायची तेव्हा समोरच्या इमारतीची सावली अंगणभर पसरलेली असायची, परत यायची तेव्हा दिवे लागलेले. आणि तो पाव भाजणारा. सगळं जग निजतं तेव्हा त्याचं पीठ फुगायला लागायचं. तो सकाळी यायचा, अंगाला भट्टीचा वास घेऊन, ती डबा भरत असताना तिच्याबरोबर दोन घास खायचा आणि खिडकीवर जाड गोधडी ओढून झोपायचा. दुपार पार कलली की उठायचा. संध्याकाळी ती यायची, मग घटकाभर गप्पा, की तो निघाला. लग्नाला तीस वर्षं होत आली होती आणि जावई गमतीनं म्हणायचा की दिवसाकाठी दोन तासांचा हिशोब धरला तर सासूसासऱ्यांचा संसार अजून नवाच आहे, भांडणाची वेळच आलेली नाही. सगळे हसायचे. तीही हसायची, आणि मग भांडी घासताना तिला वाटायचं, मेल्याचं बोलणं काही अगदीच खोटं नाही.

सुट्टीच्या दिवशी तरी तिनं अंगण पाहायला हवं होतं, पण सुट्टी आता नातीची होती. लेक बाळंत झाल्यापासून आठवड्याचा तो एक दिवस ती उजाडता उजाडता निघून लेकीकडे जायची ती अंधार पडल्यावर यायची, हाताला बाळाच्या तेलाचा वास घेऊन. त्याची सुट्टीही झोपेतच जायची. शरीराला रात्र-दिवस सांगून कळत नाही, तो म्हणायचा, सुट्टी आहे म्हणून डोळे दुपारचे उघडतात थोडेच. थोडक्यात काय, दिवसाच्या ज्या वेळी हे अंगण जागं होत होतं, नेमक्या त्या वेळी एक जण तळघरात होता आणि एक गोधडीमागे. आणि दोघं मिळून रोज संध्याकाळी त्याला नावं ठेवत होते.

रोपं आली पिठाच्या ट्रकवाल्याकडून. पोती उतरवताना तो आणि हा चहा प्यायचे, त्यात अंगणाची गोष्ट निघाली. अंगण म्हणजे काय, पूर्वी तिथं पत्र्याची शेड होती ती काढल्यावर उरलेली खडी आणि मुरूम. भर ऊन, पाण्याचा नळ दिवसातून जेमतेम बादल्या भरण्यापुरता चालणारा. तिथं त्यानं गुलाब लावून पाहिला, तो गेला. मोगरा गेला. हिरवळ लावली, ती आठ दिवस हिरवी होती. ट्रकवाला म्हणाला, मग तुम्हाला हे देतो, आणि त्याच्या डेपोच्या भिंतीकडेनं माजलेल्या वेलीसारख्या कशाच्या तरी बोटभर कांड्या वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. म्हणाला, खालची पानं काढा, खडीत खोचा, दोन दिवस पाणीसुद्धा दाखवू नका. ऊन मात्र कमी पडू देऊ नका. हिला लाड सोसत नाहीत. नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या कांड्यांना पानं कसली, जाड सुईसारखी मांसल टोकं नुसती. तिनं पाहिलं आणि नाक मुरडलं. तिला अंगणात फरशी हवी होती. खडीची धूळ घरभर यायची, घरी आणलेल्या कामावर बसायची, पांढऱ्या कापडाची वाट लावायची. तो म्हणाला, एक उन्हाळा दे मला. एकच. नाही फुललं तर फरशी घाल, मी चकार शब्द काढणार नाही.

आणि ती पसरली तर झपाट्यानं. तो रोज उठल्यावर चहाचा पेला घेऊन अंगणात उकिडवा बसायचा आणि लांबलेले शेंडे खुडून तिथंच बाजूला खोचायचा, खोचलेलं जगायचं, त्याला पुन्हा शेंडे फुटायचे. मग कळ्या आल्या. त्या दिवशी त्यानं तिला चप्पलसुद्धा काढू दिली नाही, टॉर्च घेऊन दाखवल्या. हिरव्या, टोकाला रंगाची पुसट रेघ. दुसऱ्या संध्याकाळी पाहतो तर त्यातल्या काहींची टोकं मिटलेली, ओलसर, चिमटलेली, रंगीत कागद भिजून गोळा व्हावा तशी. कळी उमलायच्या आधीच कुजतेय, त्यानं निदान केलं. पाणी जास्त होतंय. पाणी कमी केलं. तरी तेच. मग त्यानं रोज संध्याकाळी त्या कुजक्या कळ्या एकेक करून चिमटीनं काढून टाकायचा नेम धरला, अगदी दात उपटणाऱ्या डॉक्टरच्या चेहऱ्यानं. जितक्या काढाव्या तितक्या दुसऱ्या दिवशी जास्त. शेवटी चिडून त्यानं पाण्यावरच पाणी सोडलं. मरायचं तर मरा म्हणाला. आणि मरायचं सोडून ती आणखी पसरली, पण फूल म्हणून दाखवेल तर शपथ.

त्यातच समोरच्या सिस्टरचं प्रकरण झालं. सिस्टर म्हणजे समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारी निवृत्त नर्स. सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. एका संध्याकाळी हे दोघं अंगणात त्या मिटलेल्या गोळ्यांकडे बघत उभे असताना सिस्टर गॅलरीतून वाकून म्हणाली, काय बहर आहे हो तुमच्याकडे, दृष्ट काढा. आता समोर काय, तर कुजक्या कळ्या आणि खडी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो मुकाट्यानं आत गेला. तिचा मात्र तिळपापड झाला. म्हातारीला दुसऱ्याच्या घरात वाकून टोमणे मारायचे, याशिवाय उद्योग नाही, असं ती मुद्दाम ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, आणि त्या दिवसापासून सिस्टर दिसली की मान दुसरीकडे. दोन महिने झाले होते या अबोल्याला. आता फाटकात उभ्या उभ्या तिला ते वाक्य आठवलं, एकेका शब्दासकट, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाई गं. ती खरंच कौतुक करत होती.

पण टोमण्याचा घाव बसला होता तो त्याला. त्याच्या हाताला यश आहे असं सगळे म्हणायचे आणि त्यालाही ते मनातून पटलेलं होतं. पीठ मळताना तो कणकेत अंगठा दाबायचा आणि खळगा किती हळू वर येतो ते बघून सांगायचा, अजून थोडं थांबा, किंवा घाला आता भट्टीत. यात तो कधी चुकायचा नाही. यंदा मालकानं मळायचं यंत्र आणलं. यंत्र उत्तम मळायचं, हेच वाईट होतं. मग पावांचे एकदोन घाणे त्याचे बसले, जड निघाले. असं पूर्वीही कधीमधी व्हायचं, पण पूर्वी त्याचं खापर तो पिठावर फोडायचा. आता घरी येऊन म्हणाला, हात गेला माझा. ती म्हणाली, काहीतरीच काय. तो म्हणाला, बघ की, माझ्या हातानं साधं रानगवतसुद्धा फुलत नाही. काल निघताना दारात चप्पल घालता घालता त्यानं तिला सांगितलं की गवंड्याला बोलावलंयस ना, करून घे फरशी. आणि म्हणाला, उद्या उठलो की तडक मालकाच्या घरी जाऊन सांगणार आहे, मला भट्टीवरून काढून काउंटरवर बसवा. मालक कधीचे मागे लागलेतच.

आता खरी गोम इथंच होती, आणि ती गोम तिला रात्रभर गुदगुल्या करत होती. काउंटर म्हणजे दिवसपाळी. काउंटर म्हणजे तो सकाळी तिच्याबरोबर घराबाहेर पडणार आणि संध्याकाळी तिच्याआधी घरी येणार. काउंटर म्हणजे रात्री पलंगाच्या दुसऱ्या बाजूला माणूस. तिनं कधी हे मागितलं नव्हतं. आपला नवरा रात्रीचा, हे तिनं लग्नातच पदरात घेतलं होतं, पण काल रात्री ती चक्क आपल्या बाजूला सरकून झोपली, उद्यापासूनची सवय म्हणून. दुसरी उशी तिनं नीट बडवून ठेवली. त्याचा पडलेला चेहरा आठवत होता, वाईट वाटत होतं, आणि त्याच्या खालून आनंद डोकं वर काढत होता, दाबला की दुसरीकडून. सकाळी दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग उरकून अर्धी रजा टाकून निघताना ती बरोबरच्या बायकांना म्हणालीसुद्धा, आता माझा नवरा दिवसाचा होणार.

"मग करू ना सुरू?" गवंड्यानं विचारलं. "अर्ध्या तासात साफ होईल. मुळं काही खोल नसतात हिची."

अर्धा तास. तिला एकदम सगळं लख्ख दिसलं, आणि त्या लख्खपणाची तिला भीती वाटली. काहीच करायचं नव्हतं. फक्त हो म्हणायचं. आत तो झोपलेला, गोधडीमागे, त्याला काही कळणार नाही. तो उठेल तेव्हा अंगण सपाट असेल, तो म्हणेल बरं झालं, तोंड धुऊन मालकाकडे जाईल. त्याला कधी कळणारही नाही. हे ऊन, हे रंग, एका गवंड्यानं आणि तिनं पाहिलेले, गवंडी विसरेल आणि ती बोलणार नाही. खोटं बोलायचंच नाही त्यात, नुसतं गप्प बसायचं. बायका आयुष्यभर किती गोष्टींवर गप्प बसतात. आणि नाही सांगितलं तर त्यात त्याचंही भलंच नव्हतं का? भट्टीपुढं उभं राहून त्याचे पाय सुजतात, डॉक्टरांनी सांगितलंय. तिनं स्वतःशी डॉक्टरांना साक्षीला काढलं. तिच्या पायाशी एक राणी रंगाचं फूल होतं, बटाट्याच्या कापाएवढं, पाकळ्या मलमलीच्या, आणि त्यात एक मधमाशी अक्षरशः लोळत होती, पिवळी धमक झालेली, काय करू नि काय नको असं झालेली. ती वाकून बघत राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक. ऊन मानेवर चढत होतं. आपण दुपारचं ऊन शेवटचं कधी मानेवर घेतलं, तिला आठवेना. तळघरात सगळीकडे एकच उजेड, ट्यूबचा, त्यात सकाळ नाही आणि दुपार नाही. तिच्या मनात आलं, हे सगळं इथं रोज होत होतं. मी खाली पँटी कापत होते तेव्हा. लेकीकडे गेले होते तेव्हा. तो कूस बदलत होता तेव्हा. कुणी बघो न बघो, रोज. असं मनात आलं आणि तिला इतका विलक्षण आनंद झाला की तिला तो कुठं ठेवावा ते कळेना. कुणाला तरी सांगायला हवं होतं. गवंड्याला सांगून काय उपयोग.

तेवढ्यात वरून सिस्टरचा आवाज आला. सिस्टर गॅलरीत ताट घेऊन बसली होती आणि कुदळीकडे बघून तिचा घास तसाच राहिला होता. अबोला वगैरे विसरून तिनं विचारलं की खणताय की काय. मग तिचा आवाज चढला. ती म्हणाली, मी मुद्दाम दुपारचं जेवण इथं घेऊन बसते या फुलांसाठी, पोस्टमन सायकल थांबवून बघतो, शाळेची रिक्षा इथं उभी राहते, आणि तुम्हाला काय अवदसा आठवली? मी कौतुक केलं तर तोंड फिरवलंत, तेही सोसलं मी, पण हे नाही सोसणार. वरून तिनं सुनावलं, की ऑफिस टाइम म्हणतात या फुलांना, ऊन डोक्यावर आलं की फुलतात आणि तीनच्या सुमाराला मिटतात, एकदा मिटलेलं पुन्हा उघडत नाही, दुसऱ्या दिवशी नवीन. बहुतेक सगळ्या जगाला हे ठाऊक होतं.

ती वर बघून म्हणाली, "सिस्टर, आम्ही एकदाही पाहिली नाहीत हो." आणि तिचा आवाज असा काही निघाला की सिस्टरनं ताट खाली ठेवलं. मग ती गवंड्याकडे वळली आणि म्हणाली, "खणू नका." एवढं बोलून ती पायवाटेवरून, साडी गुडघ्यापर्यंत उचलून, पाणी तुडवत जावं तशी, घरात गेली.

या घरात झोपलेल्या माणसाला उठवत नसत. हा नियम कुणी केला नव्हता, तो पडला होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिच्या हातून भरदुपारी पाण्याची कळशी पडली, तो दचकून उठला, पुन्हा झोप आली नाही, आणि त्या रात्री भट्टीत फळी सरकवताना डुलकी लागून त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. तो वण अजून आहे. त्यानंतर ती त्या खोलीच्या दारावरून जाताना श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. लेक चवड्यांवर चालायला आधी शिकली आणि पाय टेकायला मागून. आपल्या बाहुलीलासुद्धा हळू बोलायला सांगायची. एकदा शेजारी आग लागली होती तेव्हा तिनं आधी आग किती आहे ते बघून घेतलं होतं. आता तिनं दार ढकललं तेव्हा आतला अंधार तिच्या डोळ्यांना काळाभोर लागला, उन्हातून आलेली म्हणून, आणि घटकाभर तिला नवरा दिसेचना. नुसता श्वास ऐकू येत होता. पलंगाजवळ जाऊन ती उभी राहिली. अजूनही परत फिरता येत होतं. गवंड्याला नुसतं घरी पाठवलं, हा उठेपर्यंत फुलं मिटली, संध्याकाळी सांगितलं, तर हा म्हणणार, तुझं आपलं काहीतरी, माझी समजूत काढतेस. हाताबद्दल काढली होती तेव्हाही तसंच म्हणाला होता. तिचं बोलणं त्याला समजुतीचं वाटायचं, कारण ते बहुतेक वेळा समजुतीचंच असायचं. हे डोळ्यांनीच बघायला हवं. आणि बघितलं की हा काउंटरवर बसत नाही, हेही तिला नीट कळत होतं. उशी ती पुन्हा एकटीच बडवणार होती. तिनं हात पुढं केला आणि त्याच्या खांद्याला धरून गदागदा हलवलं. हळूच उठवायचं कसं, ते तिला माहीतच नव्हतं.

तो उठून बसला तोच घाबरून. आधी लेकीचं नाव घेतलं, मग नातीचं, मग विचारलं, गॅस का? ती म्हणाली, सगळे बरे आहेत, चला बाहेर. तो बनियन-पायजम्यात, केस एका बाजूला उभे, तिच्या मागून निघाला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि उन्हानं त्याचे डोळे गच्च मिटले ते उघडेनात. तिनं त्याचा हात धरला, पायवाटेच्या मधोमध नेऊन उभा केला, आणि तो तिथं भर फुलांत डोळे मिटून उभा राहिला, चेहरा आक्रसलेला, दंड पिठासारखे पांढरे, वर्षानुवर्षं ऊन न पाहिलेले. काय आहे गं, तो म्हणत होता, काय दाखवतेस, काही दिसत नाही. वरून सिस्टर आणि फाटकातून गवंडी श्वास रोखून बघत होते. तिला हसू आवरेना. "उघडा हो," ती म्हणाली, "मी आहे ना धरून."

मग त्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. तो खाली बसला, उकिडवा, चहा पिताना बसायचा तसाच, आणि एका केशरी फुलाच्या पाकळीवर अंगठा टेकवून अगदी हलकेच दाबला, आणि पाकळी परत वर येते का ते पाहिलं. पाकळी वर आली. त्यानं दुसरी पाहिली. मग तो सिस्टरकडे वर बघून म्हणाला, रोज? सिस्टर म्हणाली, रोज, उन्हाळा लागल्यापासून. "आणि मी रोज संध्याकाळी कुजकी म्हणून खुडून काढत होतो," तो म्हणाला. सिस्टर म्हणाली, म्हणूनच तर इतकी येतात. यावर तो जो हसायला लागला तो थांबेना. हसता हसता जमिनीवरच बसला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते उन्हाचं की कशाचं, कळायला मार्ग नव्हता. ती त्याच्याकडे बघत होती. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता, पण सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडातला. भर दुपारी तिनं तो किती वर्षांत पाहिला नव्हता. भुवया पांढऱ्या झालेल्या तिला माहीत नव्हत्या. दाढीत एका बाजूला सोनेरी केस आहेत, तेही नाही. लग्नाला उभी राहिलेली मुलगी अंतरपाटापलीकडे बघते तशी ती बघत राहिली, आणि तिला अजिबात लाज वाटली नाही.

गवंड्यानं पायरीला लागून एक बसका कट्टा करून द्यायचं ठरलं. आणलेला माल कुठंतरी लागायलाच हवा होता. तो घमेल्यात सिमेंट कालवायला लागला आणि हे दोघं पायरीवर बसले. तो हाताकडे बघत होता, उलटा करून, सुलटा करून.

"आता काही तुम्ही भट्टी सोडत नाही," ती म्हणाली.

"आता कुठली सोडतोय," तो म्हणाला, आणि मग काहीतरी लक्षात येऊन त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुला मी दिवसाचा हवा होतो."

ती म्हणाली, हो, हवा होतात. आणि सुरुवात झालीच आहे तर सगळंच बोलावं म्हणून म्हणाली, की मी तुम्हाला उठवणारच नव्हते, गवंड्याला हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी.

"मग का उठवलंस?"

तिनं विचार केला. अंगणात आता ऊन थोडं कललं होतं आणि कुंपणाकडच्या एकदोन फुलांनी कडा आत घ्यायला सुरुवात केली होती. "एकटीला बघवेना," ती म्हणाली.

 तिच्या खांद्यावरचे दोऱ्याचे तुकडे त्यानं एकेक करून चिमटीनं काढले आणि बोटाभोवती गुंडाळत बसला. एक एक करून फुलं मिटत गेली, ते दोघांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग तो तोंड धुऊन, मालकाकडे न जाता, तसाच थोडा वेळ पडला. डोळा लागता लागता म्हणाला, "उद्या पण उठव."

"उद्या मी दुकानात असेन."

"मग फोन कर. उचलेपर्यंत वाजू दे."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बरोबरच्या बायकांनी डबे उघडले तेव्हा ती जिन्याखालच्या कोपऱ्यात, जिथं फोनला जेमतेम आवाज येतो, तिथं जाऊन उभी राहिली. तिनं त्याचा नंबर लावला. कान देऊन ती ऐकत होती, फोन त्या अंधाऱ्या खोलीत वाजतोय, वाजतोय, आणि तिचं अंग चोरटं झालं होतं, आता बंद करावा, झोपू द्यावं बिचाऱ्याला. तिनं बंद केला नाही. मग खडखड झाली, आणि झोपेनं जड झालेला त्याचा आवाज आला, "थांब, चप्पल घालतो." तिनं भिंतीला पाठ टेकली. पावलं ऐकू आली, कडी ऐकू आली, दार ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही, नुसत्या मधमाश्या.

"आलो गं," तो म्हणाला. "बोल, आधी कुठला रंग सांगू?"